वासा संग्रहालय, स्टॉकहोम: सतराव्या शतकातील युद्धनौका मुळापासून समजून घेण्याची जागा

ऐतिहासिक जहाजे पाहण्याची आवड असलेल्या माणसाला बहुतेक ठिकाणी कशावर तरी पाणी सोडावे लागते. इंग्लंडमध्ये पोर्टस्मथ येथे एचएमएस व्हिक्टरी आहे. १७६५ साली पाण्यात उतरलेल्या आणि १८०५ मध्ये ट्रफाल्गरच्या लढाईत ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनचे निशाण मिरवणाऱ्या या नौकेच्या आत हिंडता येते. परंतु अडीच शतकांच्या डागडुजीत तिचे बरेचसे लाकूड बदलले गेले आहे. त्याच बंदरातील मेरी रोझ १५४५ मध्ये बुडाली आणि १९८२ मध्ये वर काढण्यात आली. तिचे लाकूड अस्सल आहे, पण चिखलात रुतून राहिलेली उजवी बाजू तेवढी वाचली, बाकीची नौका काळाच्या ओघात नष्ट झाली. स्टॉकहोमच्या वासा संग्रहालयात मात्र १६२८ साली बुडालेली आणि १९६१ साली वर आलेली वासा ही युद्धनौका तळाच्या कण्यापासून पिछाडीच्या नक्षीदार माथ्यापर्यंत सलग उभी आहे आणि तिच्यातील ९८ टक्क्यांहून अधिक भाग मूळचा आहे. अस्सलपणा आणि पूर्णता या दोन्ही गोष्टी एकाच छताखाली देणारे त्या काळातील एवढे मोठे दुसरे जहाज जगात नाही. तरीही हे संग्रहालय मला थोर वाटते ते केवळ या दुर्मिळपणामुळे नव्हे. हाती आलेल्या अशा ठेव्याचे नुसते कौतुक करत न बसता, हे जहाज कोणी, कशासाठी आणि कोणत्या ज्ञानाच्या आधारावर बांधले, ते का बुडाले आणि आज ते कशाच्या बळावर टिकून आहे, हे सारे प्रेक्षकाला स्वतः पडताळून पाहता यावे अशी मांडणी येथे केलेली आहे.

संग्रहालय यूरगोर्डन या बेटावर, नौदलाच्या जुन्या गोदीच्या जागेवर आहे. मारियान डालबेक आणि योरान मोन्सोन या वास्तुविशारदांनी जुन्या सुक्या गोदीवरच ही इमारत उभी केली. डिसेंबर १९८८ मध्ये वासा गोदीत आणली गेली, इमारतीचे उरलेले काम तिच्याभोवती पुरे करण्यात आले आणि १५ जून १९९० रोजी संग्रहालय खुले झाले. तांब्याच्या छपरावर बाहेरून डोलकाठ्या दिसतात. त्या शोभेसाठी बसवलेल्या आहेत असे वाटते. पण सर्व डोलकाठ्या चढवलेली वासा किती उंच होती, ते त्यांच्यावरून कळते. ती उंची कण्यापासून टोकापर्यंत सुमारे ५२.५ मीटर होती. आतल्या जहाजावर डोलकाठ्यांचे खालचे भागच चढवलेले असल्यामुळे हा बाहेरचा माप-निर्देश लक्षात ठेवून आत शिरावे.

आत शिरताच प्रकाश अगदी मंद होतो. पहिल्या काही क्षणांत फक्त एक काळसर, अवाढव्य आकार जाणवतो, आणि डोळे सरावले की त्यातून फळ्या, तोफांच्या खिडक्या, सिंहांचे चेहरे, दोरखंड असे एकेक वेगळे होत जाते. अनेक प्रेक्षकांना हा अंधार नाट्यमयतेसाठी केलेला वाटतो. प्रत्यक्षात तीव्र प्रकाशाने लाकडाची हानी होते म्हणून तो मंद ठेवलेला आहे. हवेचे तापमान १८ ते २० अंश सेल्सिअसच्या दरम्यान आणि आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आसपास राखली जाते. त्यामुळे भर उन्हाळ्यातही अंगावर एखादा पातळ स्वेटर असलेला बरा.

बहुतेक लोक प्रवेशद्वाराच्या पातळीवरून एकदम वरच्या मजल्यांकडे वळतात, कारण तेथून शिडांचे दोर आणि वरचा डेक चांगला दिसतो. माझे मत याच्या उलट आहे. आधी अगदी तळाशी, कण्याच्या पातळीवर उतरावे आणि जहाजाला खालून एक पूर्ण फेरी मारावी. पाण्याखाली राहणारा भाग किती अरुंद आणि निमुळता आहे, आणि पाण्यावरचा भाग त्यामानाने किती उंच चढत गेला आहे, हे तेथे एका नजरेत कळते. नौकेचे धड सुमारे ४७.५ मीटर लांब आणि ११.७ मीटर रुंद आहे, आणि पाण्याखाली ती केवळ ४.८ मीटर बुडत होती. हे आकडे पाटीवर वाचण्यापेक्षा तळाशी उभे राहून मान वर करून पाहिले की पुढचा सगळा इतिहास आपोआप उलगडू लागतो. त्यानंतर सतरा मिनिटांचा माहितीपट पाहावा आणि मग मजला-मजला वर चढत जावे.

वासा ज्या राजासाठी बांधली गेली, तो स्वीडनचा दुसरा गुस्ताव आडोल्फ बाल्टिक समुद्रावर वर्चस्व मिळवण्यासाठी पोलंडशी झुंजत होता. जहाज बुडाले तेव्हाही तो मोहिमेवर प्रशियात होता. हे राजकारण पिछाडीच्या कोरीवकामात जागोजागी उतरलेले आहे. नौकेवर सुमारे ५०० मूर्ती आणि त्यांखेरीज २०० च्या आसपास अलंकार आहेत. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, झेप घेणारा सिंह, त्याच्या मागे रोमन सम्राटांची रांग, पिछाडीवर हर्क्युलिस, बायबलमधील गिडियनचे सैनिक आणि सर्वांत वर राजमुकुट धरलेल्या दोन ग्रिफिनांच्या (अर्धा गरुड, अर्धा सिंह अशा काल्पनिक प्राण्यांच्या) मधोमध बालवयातील राजा, अशी ही योजना आहे. शत्रूने जहाज जवळून पाहिले तर प्रथम त्याला स्वीडनच्या राजाची वंशपरंपरा आणि पराक्रम यांचा हा जाहीरनामा वाचावा लागला असता. तोफांच्या खिडक्यांची झाकणे या दृष्टीने फार लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहेत. झाकण बंद असताना जहाजाची बाजू साधीच दिसते; ते वर उचलले की आतल्या बाजूला कोरलेला सिंहाचा जबडा समोर येतो, म्हणजे तोफेच्या तोंडाबरोबरच सिंहाचे तोंडही शत्रूकडे उघडते. एका झाकणापुरते थांबून त्या चेहऱ्याच्या आयाळीवरील छिन्नीचे घाव पाहिले, तर हे काम घाईत उरकलेले नाही हे ध्यानात येते.

आज हे सारे कोरीवकाम तपकिरी-काळे दिसते आणि त्यातच ते खानदानी वाटते. पण मूळ रूप तसे मुळीच नव्हते. लाकडावर उरलेल्या रंगांच्या सूक्ष्म कणांचा अभ्यास करून संग्रहालयातील संशोधकांनी मूळ रंगसंगती ठरवली आणि १:१० प्रमाणातल्या मोठ्या प्रतिकृतीवर ती रंगवून दाखवली. पूर्वी पिछाडीची पार्श्वभूमी निळी असावी अशी समजूत होती. अभ्यासाअंती ती लाल ठरली. त्या लाल रंगावर मांसल वर्णाच्या, हिरव्या, पिवळ्या, सोनेरी मूर्ती अशी गर्दी आहे की आजच्या डोळ्यांना ती भडक वाटावी. ही प्रतिकृती आणि मूळ जहाज एकाच वेळी नजरेच्या टप्प्यात राहतात. प्रतिकृतीवरील एखादी मूर्ती मनात धरायची, मान वळवून तीच मूर्ती मूळ जहाजावर शोधायची, हा उद्योग मी बराच वेळ केला आणि या भेटीत सर्वाधिक शिकायला मिळाले ते त्यातूनच.

आता मुख्य प्रश्नाकडे यावे. वासा १० ऑगस्ट १६२८ च्या सायंकाळी पहिल्याच प्रवासाला निघाली, किनाऱ्यालगत ओढत नेल्यावर तिची चार शिडे उभारण्यात आली, सलामीच्या तोफा झाडण्यात आल्या आणि जेमतेम १३०० मीटर गेल्यावर ती बुडाली. वादळ नव्हते, शत्रू नव्हता, खडकही नव्हता. वाऱ्याच्या एका झोताने ती कलली आणि सावरली. दुसऱ्या झोताने डावीकडे इतकी कलली की सलामीसाठी उघड्या ठेवलेल्या खालच्या रांगेतील तोफांच्या खिडक्यांतून पाणी आत घुसले. त्या दिवशी खलाशांच्या बायकामुलांनाही थोड्या अंतरापर्यंत सोबत येण्याची मुभा होती. जहाजावरील सुमारे दीडशे माणसांपैकी ३० च्या आसपास माणसे मेली. उरलेल्यांचा जीव वाचला, कारण किनारा जवळ होता आणि निरोप द्यायला निघालेल्या होड्या आसपासच होत्या.

हे का घडले याचे लोकप्रिय उत्तर असे की, हट्टी राजाने ऐन वेळी तोफांचा आणखी एक मजला चढवायला लावला. संग्रहालयाची मांडणी या सोप्या उत्तरावर थांबत नाही, आणि तिचे मोठेपण मला येथेच दिसते. त्या काळी जहाजाची स्थिरता आधी गणिताने काढण्याची रीतच नव्हती. अनुभवी कारागीर पूर्वीच्या चांगल्या जहाजांची प्रमाणे घेऊन त्यांवरून नवे जहाज बांधत असे. वासाचे काम ज्याच्याकडे होते तो हेन्रिक हिबर्टसन हा डच कारागीर होता. दोन पूर्ण तोफमजले असलेल्या जहाजांचा अनुभव त्या वेळी सर्वत्रच तुटपुंजा होता. जहाजावर ६४ तोफा होत्या, त्यांपैकी ४८ तोफा २४ पौंडी गोळे फेकणाऱ्या होत्या, आणि त्या पेलण्यासाठी वरचे मजले भक्कम लाकडांनी बांधावे लागले. दोष एकट्या तोफांच्या वजनाचा नव्हता. पाण्यावरचे सारे धडच उंच आणि जड झाले आणि गुरुत्वमध्य फार वर गेला. जहाज स्थिर राहावे म्हणून तळाशी सुमारे १२० टन दगड भरलेले होते. आणखी दगड भरावेत म्हटले तर खालच्या खिडक्या पाण्याच्या आणखी जवळ गेल्या असत्या, म्हणजे तो उपायही हातातून गेलेला होता.

याच दालनात प्रेक्षकाला स्वतः जहाजाची रुंदी, दगडांचे वजन आणि तोफा बदलून ते तरते की बुडते हे पाहण्याची सोय केलेली आहे. मुले या यंत्राभोवती गर्दी करतात, पण मोठ्यांनीही आपली पाळी येईपर्यंत थांबावे. एक गोष्ट सुधारली की दुसरी बिघडते हे हाताने करून पाहिल्यावर त्या कारागिरांविषयीचा उपहास मावळतो.

काचेच्या एका पेटीत ठेवलेल्या मोजपट्ट्यांकडे लोक सहसा लक्ष देत नाहीत, पण मला त्या तोफांहून महत्त्वाच्या वाटल्या. जहाजावर सुतारांच्या अशा चार मोजपट्ट्या सापडल्या. त्यांपैकी दोन स्वीडिश फुटाच्या आहेत, ज्याचे बारा इंच होतात, आणि दोन ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या, ज्याचे अकरा इंच होतात. म्हणजे एकाच धडावर काम करणारे स्वीडिश आणि डच सुतार आपापल्या मापाने लाकूड कापत होते. वासाचे बारकाईने मोजमाप केल्यावर तिच्या दोन बाजू एकसारख्या नाहीत असे आढळून आले. डावीकडे लाकूड जास्त आहे. बुडण्याचे मूळ कारण हे नव्हे, आणि संग्रहालयही तसा दावा करत नाही. पण राजदरबारचे आदेश, परदेशी कारागीर, स्थानिक मजूर आणि वेगवेगळी मापे यांच्या संगतीत एवढे मोठे काम कसे चालत असे, ते या चार काठ्यांतून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही लांबलचक पाटीतून झाले नसते.

बुडण्यापूर्वी धोक्याची सूचना मिळालेली होती, हेही येथे आडपडदा न ठेवता सांगितले आहे. जहाज किनाऱ्याला बांधलेले असतानाच तीस माणसांना डेकवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे पळायला लावून त्याची परीक्षा घेण्यात आली. तीन फेऱ्यांतच ते इतके डोलू लागले की ॲडमिरल क्लास फ्लेमिंगने परीक्षा थांबवली. राजा दूर होता, जहाज लवकर हवे म्हणून त्याची निकड चाललेली होती, आणि तयार झालेले जहाज अडवून धरण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही. पुढे चौकशी बसली. कप्तान सॉफ्रिंग हान्सोनला ताबडतोब अटक झाली; तोफा नीट बांधल्या नव्हत्या किंवा खलाशी प्यालेले होते असे सिद्ध करण्याचा प्रयत्न झाला, पण दोन्ही आरोप टिकले नाहीत. हेन्रिक हिबर्टसन १६२७ मध्येच वारला होता. त्याच्या जागी आलेल्या हाइन याकोबसनने सांगितले की मापे राजाने मंजूर केलेली होती. शिवाय त्याने स्वतः जहाज सुमारे ४२ सेंटिमीटरने रुंदही केले होते. शेवटी कोणालाही शिक्षा झाली नाही. चौकशीतील हा सारा प्रश्नोत्तरांचा भाग संग्रहालयात वाचायला मिळतो आणि तो घाईने ओलांडू नये. वासानंतर वर्षभरातच पाण्यात उतरलेले तिचे जोडीचे जहाज एप्लेट थोडे अधिक रुंद बांधले गेले आणि ते कित्येक वर्षे नौदलात राहिले. २०२१ मध्ये वॅक्सहोमजवळ समुद्रतळाशी तेही सापडले, त्यामुळे या दोन जहाजांची तुलना आता प्रत्यक्ष लाकडांवरून करता येते.

जहाज पुन्हा कसे सापडले ही कथा तुलनेने परिचित आहे, म्हणून तिच्याबद्दल थोडक्यात लिहितो. बहुतेक समुद्रांत लाकूड पोखरणारा टेरेडो नावाचा जीव बुडालेली जहाजे काही दशकांत फस्त करतो. बाल्टिकचे पाणी मचूळ असल्यामुळे तो तेथे जगत नाही. ही गोष्ट ओळखून आंदेर्स फ्रान्सेन याने तळाचा नमुना काढणारे साधे उपकरण दोरीला बांधून बंदराचा तळ चाचपला आणि २५ ऑगस्ट १९५६ रोजी त्याच्या उपकरणात काळ्या पडलेल्या ओक लाकडाचा तुकडा आला. त्यानंतर पेर एड्विन फेल्टिंग हा पाणबुड्या ३२ मीटर खोल अंधारात उतरला आणि त्याच्या हाताला तोफांच्या खिडक्यांच्या दोन रांगा लागल्या. पाणबुड्यांनी जहाजाच्या पोटाखालून सहा बोगदे खणून त्यांतून पोलादी दोर ओवले. डोक्यावर जुने लाकूड आणि दगडांचे शेकडो टन वजन, सभोवती चिखल, आणि दिसत काहीच नाही, अशा स्थितीत त्यांनी दोन वर्षांहून अधिक काळ हे काम केले. १९५९ मध्ये टप्प्याटप्प्याने जहाज उथळ पाण्यात आणण्यात आले. लोखंडी खिळे गंजून उरलेली हजारो भोके पाण्याखालीच बुजवण्यात आली, आणि २४ एप्रिल १९६१ रोजी वासा पाण्याबाहेर आली. संग्रहालयात या मोहिमेचा भाग चांगला आहे. मात्र माझे लक्ष त्याहून जास्त वेधून घेतले ते पाणबुड्यांच्या घंटेच्या पूर्णाकृती प्रतिकृतीने. १६६० च्या दशकात आल्ब्रेख्त फॉन ट्रायलेबेनच्या माणसांनी अशाच घंटेत उभे राहून, घंटेत अडकलेल्या हवेवर श्वास घेत, गोठवणाऱ्या पाण्यात वासाच्या पन्नासहून अधिक तोफा वर काढल्या होत्या. घंटेखाली उभे राहून पाहिले की एक टनाहून जड ब्राँझची तोफ अरुंद खिडकीतून बाहेर काढण्याच्या त्या कामाचा अचंबा वाटतो.

जहाजातील माणसांना दिलेली जागा या संग्रहालयाची मोठीच जमेची बाजू आहे. जहाज एका दिवसात, सामानासकट बुडाल्यामुळे त्यावरचे रोजचे जीवन जसेच्या तसे राहिले. अधिकाऱ्यांची कथिलाच्या मिश्रधातूची ताटे आणि खलाशांचे लाकडी कटोरे शेजारी ठेवलेले आहेत; त्यांतले अंतर सांगायला पाटी लागत नाही. एका खलाशाची बंद पेटी सापडली. तिच्यात रुंद काठाची फेल्टची टोपी, हातमोजे आणि शिवणकामाचे किरकोळ साहित्य होते. ज्याची ती होती त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही, पण दूरच्या प्रवासाला निघालेल्या माणसाने काय काय जपून घेतले असेल, ते त्या छोट्या जागेत नीट लावून ठेवलेले दिसते. टोपीचा काठ अजूनही टोपीचाच आहे. तीनशेहून अधिक वर्षे पाण्याखाली राहिलेली ती वस्तू पाहताना माझे पाय तेथून निघेनात.

सापडलेल्या सांगाड्यांचे दालन संयमाने केलेले आहे. हाडांवरून वय, आजार, उपासमारीच्या खुणा आणि जुने अस्थिभंग ओळखून काही जणांचे चेहरे घडवण्यात आले आहेत. त्यांपैकी एक सांगाडा अनेक वर्षे पुरुषाचा समजला जात होता आणि त्याला गुस्ताव हे नाव दिलेले होते. डीएनए तपासणीनंतर २०२३ मध्ये तो स्त्रीचा असल्याचे जाहीर झाले आणि तिला आता गेर्त्रूद म्हणतात. स्वतःचे जुने अनुमान चुकले हे संग्रहालयाने दडवले नाही, तर ते कसे चुकले हेही सांगितले. याच वृत्तीने मार्गारेता निल्सदोत्तर हिची माहिती दिलेली आहे. ती हेन्रिक हिबर्टसनची पत्नी. तो वारल्यावर शेकडो माणसे काम करत असलेल्या त्या गोदीचा कारभार तिच्याकडे आला. जहाजांच्या इतिहासात राजे आणि कप्तान यांच्या नावांखाली अशी माणसे सहसा झाकली जातात. येथे ती झाकलेली नाहीत.

संवर्धनाचे दालन मात्र बहुतेक प्रेक्षक दमल्यावर गाठतात आणि भरभर ओलांडतात. माझी आग्रहाची सूचना आहे की शक्ती शिल्लक असताना तेथे जावे, कारण जहाज बुडण्याइतकीच त्याच्या टिकण्याची गोष्ट विलक्षण आहे. पाण्याने चिंब झालेले ओकचे लाकूड तसेच वाळू दिले असते तर ते आक्रसून भेगाळले असते. म्हणून १९६२ पासून तब्बल सतरा वर्षे जहाजावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या रसायनाचे द्रावण फवारण्यात आले, म्हणजे लाकडातील पाण्याची जागा त्या रसायनाने घ्यावी; त्यानंतर आणखी नऊ वर्षे ते हळूहळू वाळवण्यात आले. या उपायाने जहाज वाचले, पण अडचणी संपल्या नाहीत. बंदराच्या प्रदूषित पाण्यातून गंधक लाकडात मुरलेले होते आणि गंजलेल्या खिळ्यांचे लोह तेथे होतेच. २००० च्या दमट उन्हाळ्यात लाकडावर आम्लाचे डाग दिसू लागले, तेव्हा लाकूड आतून गंधकाम्ल तयार करत आहे हे कळले. त्यावर हवा नियंत्रित करणारी नवी यंत्रणा बसवण्यात आली, आणि २०११ ते २०१८ या काळात पाच हजारांहून अधिक जुने लोखंडी बोल्ट काढून त्यांच्या जागी गंज न धरणारे पोलादी बोल्ट घालण्यात आले.

याहून मोठे संकट खुद्द वजनाचे आहे. जहाज पाण्यात तरण्यासाठी बांधलेले असते. पाणी त्याला सर्व बाजूंनी सारखे उचलून धरते. कोरड्या जागी टेकूंवर उभे केले की तेच वजन मोजक्या ठिकाणी येते. वासाच्या धडात दर वर्षी सुमारे एक मिलिमीटर फरक पडत असल्याचे मोजमापांतून दिसले, आणि म्हणून तिच्यासाठी नवी पोलादी आधार-रचना उभारण्याचे मोठे काम हाती घेण्यात आले आहे. हे काम चालू असताना जहाजाच्या खालच्या भागाचे दृश्य काही ठिकाणी अडू शकते. ज्यांना फक्त छायाचित्रे हवी आहेत त्यांना ते खटकेल. मला मात्र चारशे वर्षांचे जहाज प्रत्यक्ष उपचार घेताना पाहणे हे त्या भेटीचे अधिकच मोल वाटते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. जहाजाच्या आत कोणालाही जाऊ दिले जात नाही. कारण उघड आहे. माणसांच्या श्वासाचा ओलावा आणि पावलांचे वजन त्या लाकडाला सोसणार नाही. त्याची भरपाई म्हणून वरच्या तोफमजल्याचा एक भाग मूळ मापाने उभारलेला आहे आणि त्यात हिंडता येते. तेथील कमी उंची व दाटी बऱ्यापैकी जाणवते. तरी व्हिक्टरीवर खऱ्या तोफांच्या शेजारून वाकून चालताना अंगावर येणारी अनुभूती येथे मिळत नाही, हे मान्य करावे लागते. मंद प्रकाशामुळे छायाचित्रे चांगली येत नाहीत, आणि वयस्कर डोळ्यांना लहान अक्षरांतील पाट्या वाचताना त्रास होऊ शकतो. दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक येथे येतात, त्यामुळे जून ते ऑगस्टमध्ये दुपारच्या वेळी नाळेजवळ आणि पिछाडीजवळ उभे राहायलाही जागा नसते.

जाण्याआधी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. शहराच्या मध्यभागातून ७ क्रमांकाची ट्राम आणि ६७ क्रमांकाची बस संग्रहालयाजवळ थांबते. हवा चांगली असेल तर स्लुसेनहून यूरगोर्डनला येणारी फेरीबोट घ्यावी, कारण ती वासाच्या शेवटच्या प्रवासाच्या पाण्यावरूनच येते. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश विनामूल्य आहे. मोठ्यांच्या तिकिटाचा दर हंगामानुसार बदलतो, म्हणून तो आधी पाहून घ्यावा, आणि पैसे कार्डाने देण्याची तयारी ठेवावी. ध्वनिमार्गदर्शन स्वतःच्या मोबाइलवर ऐकता येते, तेव्हा इअरफोन सोबत न्यावेत. त्याखेरीज तिकिटातच इंग्रजीत मार्गदर्शकासह छोटी फेरी मिळते; ती जरूर घ्यावी, पण स्वतंत्र फिरणे झाल्यावर, म्हणजे विचारायला प्रश्न तयार असतात. उन्हाळ्यात संग्रहालय सकाळी लवकर उघडते, त्या वेळेचा उपयोग करावा; हिवाळ्यात बुधवारी ते रात्री आठपर्यंत खुले असते आणि संध्याकाळच्या त्या तासांत गर्दी बरीच ओसरलेली असते. पर्यटन कंपन्या या जागेला सहसा तास-दीड तास देतात. तेवढ्या वेळात माहितीपट आणि एक फेरी होते, एवढेच. किमान तीन तास हाताशी ठेवावेत, आणि ज्यांना नौकाबांधणीत मनापासून रस आहे त्यांनी दुसरा दिवस मोकळा ठेवून फक्त खालचा मजला आणि संवर्धनाचे दालन पुन्हा पाहावे.